७७७ चा पिच्छा: लिनक्सवरून विंडोजवर आणलेल्या साइटच्या कामाच्या नोंदी

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाची साइट मी सांभाळते. पुस्तकांची यादी, शोध, नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं आणि सूचनांचं पान, एवढाच तिचा पसारा. डिसेंबरात माझ्या जुन्या लिनक्स डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीला जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात अख्खा जुना पीसी आला असता. म्हणून घरातलाच विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला आणि त्यात डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारं लिनक्स, बसवलं. उबंटू २४.०४. खर्च शून्य. वेळ मात्र बराच गेला, आणि तो जवळपास सगळा एकाच गोष्टीत गेला: फाइलींच्या परवानग्या. लिनक्समध्ये त्या तीन आकड्यांत लिहितात, मालक, गट आणि इतर यांचा एकेक: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, त्यांची बेरीज. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं, ६०० म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येतं. हाच बदल करणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

आज्ञा आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाइप करायच्या.

११ जानेवारी २०२५, शनिवार

जुन्या मशीनचा बॅकअप एक्सफॅट डिस्कवर, म्हणजे लिनक्सच्या परवानग्या न साठवणाऱ्या मांडणीच्या डिस्कवर, होता. साइटचं सगळं फोल्डर आणि एसएसएचच्या, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या साधनाच्या, किल्ल्या सी ड्राइव्हवर उतरवल्या. विचार असा होता की विंडोजचा एडिटर आणि उबंटू, दोघांनाही एकच प्रत दिसेल. उबंटूत ती जागा /एमएनटी/सी या नावाने दिसते.

सर्व्हरवर लॉगिन करायला गेले तर एसएसएचने किल्ली नाकारली: परवानगी ०७७७, फारच मोकळी. खाजगी किल्लीवर गटाला किंवा इतरांना कसलाही हक्क असला की एसएसएच ती वापरत नाही, आणि ते योग्यच आहे. मी परवानगी बदलणारी आज्ञा दिली, सीएचमॉड ६००. चूक दाखवली नाही, काही छापलंही नाही. पुन्हा एसएसएच, पुन्हा ०७७७. मग सुडो, म्हणजे सर्वाधिकार, लावून सीएचमॉड. तेही मुकाट परतलं आणि आकडा जिथल्या तिथे. किल्लीच बिघडली असेल म्हणून नवी बनवायला घेतली, ती त्याच फोल्डरात ठेवली, आणि अर्थात तिचंही तेच झालं. दीड तास गेला.

मग एलएस -एल, म्हणजे परवानग्यांसह फाइलींची यादी, लावून नीट पाहिलं तेव्हा कळलं की एकटी किल्ली नव्हे, /एमएनटी/सी खालची माझी प्रत्येक फाइल ७७७ आहे. हा ठरवून दिलेला आकडा नाही. डब्ल्यूएसएल विंडोजला विचारतं: या माणसाला ही फाइल वाचता, लिहिता, चालवता येते का? जे उत्तर येईल तेच मालक, गट आणि इतर या तिघांच्या नावावर लागतं. फाइली माझ्याच, त्यामुळे तिन्ही प्रश्नांना हो, म्हणून ७७७. त्याच ड्राइव्हवरच्या विंडोजच्या सिस्टम फाइली पाहिल्या तर तिथे ५५५, कारण तिथे मला लिहायची मुभा नाही. आणि सीएचमॉड? मूळ मांडणीत ते फार तर लिहिण्याचा हक्क पूर्ण काढला तर विंडोजचं रीड-ओन्ली लावतं. बाकी बदल ठेवायला जागाच नाही, त्यामुळे ते यशस्वी झाल्यासारखं परत येतं आणि काही घडत नाही. हा मुकाटपणा मला सगळ्यात महागात पडला.

तात्पुरता उपाय पाच मिनिटांचा होता. किल्ली उबंटूच्या स्वतःच्या होम फोल्डरात, .एसएसएचमध्ये नेली, तिथे ६०० केली, लॉगिन झालं.

१२ जानेवारी, रविवार

साइटच्या फाइलींतले बदल मी गिटमध्ये नोंदवते. काही बदल न करता गिट स्टेटस, म्हणजे काय बदललं ते, विचारलं तर ६१२ फाइली बदललेल्या. मी ओळींच्या शेवटांचा, म्हणजे विंडोजच्या सीआर-एलएफ खुणांचा घोळ समजून फार न बघता सगळ्या अ‍ॅड केल्या, कमिट केल्या, वर पुश केल्या. घाई झाली. नंतर डिफ, म्हणजे फरकाची नोंद, उघडला तर एकाही फाइलीत अक्षराचा फरक नव्हता. प्रत्येकीवर तीच दोन वाक्यं: जुना मोड १००६४४, नवा मोड १००७५५.

गिट फाइलीच्या परवानग्यांपैकी एकच गोष्ट लक्षात ठेवतं: चालवता येते की नाही. रिपॉझिटरी, म्हणजे गिटच्या नोंदींसकट साइटचं फोल्डर, जुन्या लिनक्सवरून जशीच्या तशी आली होती, त्यामुळे तिच्या सेटिंगमध्ये कोअर.फाइलमोड ट्रू होतं. इथे ७७७ दिसल्यावर गिटने प्रत्येक फाइल चालवण्याजोगी झाली असं धरलं. ही रिपॉझिटरी मी सी ड्राइव्हवरच नव्याने क्लोन केली, म्हणजे ताजी प्रत उतरवून घेतली असती तर गिटने सुरुवातीलाच फाइलीचा मोड बदलून पाहिला असता, तो टिकत नाही हे ओळखलं असतं आणि स्वतःच फॉल्स लिहिलं असतं. कॉपी करून आणणाऱ्यांनाच हा फटका बसतो.

उलटवतानाही एकदा चुकले. आधी रिव्हर्ट केलं, म्हणजे तो कमिट उलटवला. पुन्हा त्याच ६१२ फाइली बदललेल्या दिसायला लागल्या, कारण डिस्कवर त्या अजून ७७७च होत्या. क्रम असा हवा: आधी कोअर.फाइलमोड फॉल्स, मग रिव्हर्ट, मग पुश. एक तोटा लक्षात ठेवायचा: फॉल्स केल्यावर नवी स्क्रिप्ट चालवण्याजोगी आहे हे गिटला आपोआप कळत नाही. ते गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स असं हाताने सांगावं लागतं. दोन तास.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सकाळी नव्या पुस्तकांची यादी चढवली. एकच फाइल बदलली होती. नेहमीचीच आज्ञा, सर्व्हरवर फाइली चढवणारी आरसिंक -ए. दहा मिनिटांनी ग्रंथपाल बाईंचा फोन.

"अगं, साइट उघडेना. पांढरं पान येतंय आणि ५०० असा आकडा."

"बाई, मीच काहीतरी केलंय. थोडा वेळ द्या, बघते."

आरसिंकच्या -ए मध्ये परवानग्याही नेणं येतं. आणि फाइलीचा मजकूर तोच असला तरी परवानगी वेगळी दिसली की तो ती बदलतो. एक फाइल चढवायला गेले आणि सर्व्हरवरच्या सगळ्याच फाइली ७७७ झाल्या. वरचं पब्लिक फोल्डरसुद्धा, कारण स्रोताच्या मार्गाच्या शेवटी मी तिरकी रेघ देते आणि मग खुद्द ते फोल्डरही यादीत येतं. सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेकांची खाती असलेल्या सर्व्हरवर, पानं बनवणारं पीएचपी आमच्याच खात्याच्या नावाने चालतं, आणि ते चालवणारी यंत्रणा दुसऱ्या कुणाला लिहिता येईल अशी फाइल चालवत नाही. एरर लॉगमध्ये तेच लिहिलेलं होतं. मी लॉग शेवटी उघडला, तो आधी उघडायला हवा होता.

दुरुस्ती सर्व्हरवर दोन ओळींत झाली. फाइंड . -टाइप डी लावून सगळ्या फोल्डरांना ७५५. फाइंड . -टाइप एफ लावून सगळ्या फाइलींना ६४४. त्यानंतर शोधाची सीजीआय स्क्रिप्ट (सर्व्हर थेट चालवतो ती) ७५५ आणि डेटाबेसच्या पासवर्डची फाइल ६००. साइट ४७ मिनिटं बंद होती.

एवढ्यावर थांबले नाही. ती पासवर्डची फाइल तेवढा वेळ, त्या यंत्रावरच्या इतर खात्यांना फोल्डरापर्यंत पोचता आलं असतं तर, वाचण्याजोगीच नव्हे तर बदलण्याजोगी होती. कुणी वाचली असेल असं नाही, पण डेटाबेसचा पासवर्ड बदलला. डेटाबेसमध्ये सभासदांची नावं आणि फोन नंबर आहेत. ते लोकांनी वाचनालयाला विश्वासाने दिलेत. तिळगूळ संध्याकाळी पोचवला.

१८ जानेवारी, शनिवार

आज मुळाशी गेले. उबंटूतली /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ ही डब्ल्यूएसएलच्या सेटिंगची फाइल. तिच्यात एक ओळ आधीच होती. खाली ऑटोमाउंट (ड्राइव्ह आपोआप जोडणं) असा कंसातला मथळा आणि त्याखाली ऑप्शन्सची ओळ घातली:

मेटाडेटा,युमास्क=२२,एफमास्क=१११

मेटाडेटा म्हटलं की डब्ल्यूएसएल प्रत्येक फाइलीचा लिनक्सचा मालक, गट आणि मोड एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या डिस्क-मांडणीत, त्या फाइलीला चिकटवून ठेवतं. मग सीएचमॉड खरोखर लागू होतं. युमास्क सगळ्यांतून वजा होतो, एफमास्क फक्त फाइलींतून, डीमास्क फक्त फोल्डरांतून.

टर्मिनल बंद करून उघडलं. काहीच बदललं नाही. शब्दलेखन तपासलं, अवतरणचिन्हं तपासली, अर्धा तास गेला. चूक फाइलीत नव्हतीच. खिडकी बंद केली म्हणून मागचं उबंटू लगेच बंद होत नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये डब्ल्यूएसएल --शटडाउन द्यावं लागतं, ते खरंच थांबलं याची खात्री करावी लागते, मग पुन्हा उघडायचं. आता फोल्डर ७५५, फाइली ६४४. बघून बरं वाटलं.

ते समाधान संध्याकाळपर्यंतच टिकलं. उबंटूतून एक्सप्लोरर.ईएक्सई . दिलं, म्हणजे चालू फोल्डर विंडोजच्या खिडकीत उघडतं, तर परवानगी नाकारली. एडिटर उघडायला कोड . दिलं, तेही नाकारलं. एफमास्क=१११ ने चालवण्याचा हक्क सगळ्यांकडून काढला होता, माझ्याकडूनही, आणि विंडोजचे प्रोग्रॅम म्हणजेही शेवटी त्याच ड्राइव्हवरच्या फाइली. म्हणून एफमास्क=११ केलं. त्यात मालकाचा चालवण्याचा हक्क राहतो. प्रोग्रॅम सुरू झाले, पण साध्या फाइली आता ७४४ दिसतात. सी ड्राइव्हवर राहायचं तर एवढं सोसावं लागतं; मला दुसरा मार्ग सापडला नाही.

आरसिंकच्या आज्ञेतही आजपासून --सीएचमॉड=डी७५५,एफ६४४ जोडलं. इथे काहीही दिसो, सर्व्हरवर हेच जाईल. सीजीआय स्क्रिप्ट आणि पासवर्डची फाइल यादीतून वगळून वेगळ्या चढवायच्या. एकूण तीन तास.

१९ जानेवारी, रविवार

कालचं सगळं मोडतं का ते मुद्दाम पाहिलं. मोडलं.

पासवर्डच्या फाइलीची सी ड्राइव्हवरची प्रत ६०० केली. विंडोजच्या माझ्या एडिटरात एक अक्षर बदलून सेव्ह केली. पुन्हा ७४४. दुसऱ्या एडिटरात हाच प्रयोग केला तर ६०० टिकलं. काही एडिटर जुन्या फाइलीवरच लिहितात. काही नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात. चिकटवलेली माहिती जुन्या फाइलीची असते, ती तिच्याबरोबर जाते. आपला एडिटर कुठल्या जातीचा आहे ते स्टॅट (फाइलीची परवानगी दाखवणारी आज्ञा), सेव्ह, स्टॅट असं करून प्रत्येकाने बघावं, एक मिनिट लागतं. एक्सफॅट पेनड्राइव्हवर नेऊन परत आणलेल्या फाइलीचीही माहिती गेली होती.

तेव्हा निर्णय घेतला: काम सी ड्राइव्हवर ठेवायचंच नाही. उबंटूच्या होममध्ये नव्याने क्लोन केलं. ती जागा खरी ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची स्वतःची डिस्क-मांडणी, आहे, तिथे युमास्क ००२२ असला की नवी फाइल ६४४ आणि नवं फोल्डर ७५५, जुन्या मशीनसारखंच. विंडोजमधून हीच जागा \\डब्ल्यूएसएल.लोकलहोस्ट अशी उघडते, आणि तिथून बनवलेली फाइलही ६४४ येते. शिवाय वेग. सी ड्राइव्हवर गिट स्टेटसला ११ सेकंद लागत होते, इथे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. डब्ल्यूएसएल २ मध्ये विंडोजच्या ड्राइव्हवरचा प्रत्येक फाइलीचा प्रश्न ९पी नावाच्या प्रोटोकॉलमधून पलीकडे जाऊन येतो, त्याचा हा खर्च.

दोन गोष्टी जपायच्या. एक, विंडोजच्या डाउनलोड फोल्डरातून फाइल ओढून आणली की तिच्या नावापुढे झोन.आयडेंटिफायर लागलेली एक जोडीची फाइल तयार होते. अशा सात फाइली मी सर्व्हरवर चढवल्या होत्या, त्या काढल्या आणि आरसिंकच्या वगळण्याच्या यादीत ते नाव घातलं. दुसरी जास्त गंभीर: हे सगळं होम एका व्हीएचडीएक्स फाइलीत, म्हणजे आभासी डिस्कमध्ये, आहे, आणि डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर दिलं की ते न विचारता पुसलं जातं. बॅकअप आधी, प्रयोग मग.

२५ जानेवारी, शनिवार

वाचनालयातच गेले होते. तिथल्या विंडोज पीसीवर मी सायग्विन, म्हणजे विंडोजवर लिनक्ससारख्या आज्ञा देणारं साधन, बसवून ठेवलं आहे; रोज रात्री ते सर्व्हरवरून डेटाबेसची प्रत आणि मुखपृष्ठं डी ड्राइव्हवर आणतं. बाईंची तक्रार अशी की बॅकअपमधली यादी त्यांच्या लॉगिनमधून उघडत नाही.

इथे रोग बरोबर उलटा. डब्ल्यूएसएल मुळात परवानगी साठवत नव्हतं. सायग्विन ती साठवायचीच असं धरून विंडोजच्या स्वतःच्या एसीएलमध्ये, म्हणजे परवानग्यांच्या यादीत, तिचं भाषांतर लिहितं. सर्व्हरवर प्रत ६०० होती, आरसिंक -ए ने ६०० मागितलं, सायग्विनने विंडोजला सांगितलं की ही फक्त त्या खात्याची. रात्रीचं काम माझ्या खात्याने चालतं. म्हणून आत फक्त मी, बाई बाहेर. फाइलीच्या गुणधर्मांत सुरक्षा उघडलं तर विंडोज म्हणालं, परवानग्यांचा क्रम बरोबर नाही. सायग्विनला मालक, गट, इतर यांचा अर्थ तंतोतंत उतरवायला काही नोंदी अशा क्रमाने लिहाव्या लागतात की विंडोजच्या खिडकीला तो क्रम खटकतो. त्या खिडकीला क्रम लावू देऊ नका. मी एका फाइलीवर लावू दिला आणि नंतर ती मलाही उघडेना.

सायग्विनच्या /ईटीसी/एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलीत विंडोजचे ड्राइव्ह जोडणारी सायगड्राइव्हची एकच ओळ असते. तिच्यात बायनरीच्या पुढे नोएसीएल जोडलं. सायग्विनच्या सगळ्या प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू केल्या. आता डी ड्राइव्हवर नव्या फाइली वरच्या फोल्डराच्या विंडोज परवानग्या घेऊन येतात आणि सायग्विन त्यात हात घालत नाही. आधीच बिघडलेल्यांसाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयसीएसीएलएस, पुढे फोल्डर, मग /रीसेट /टी. आणि आरसिंकचं -ए काढून -आरटी ठेवलं. बॅकअपला फाइली आणि वेळ पुरेत, सर्व्हरचे मोड इथे नकोत.

नोएसीएलच्या जागेत सीएचमॉडला काही अर्थ उरत नाही. तिथे फाइल चालवण्याजोगी आहे का हे सायग्विन तिच्या .ईएक्सईसारख्या शेपटावरून किंवा सुरुवातीच्या दोन चिन्हांवरून ठरवतं. म्हणून एसएसएचची किल्ली डी ड्राइव्हवर नाही, सायग्विनच्या होममध्ये, जिथे ६०० खरं ६०० असतं.

बाईंनी यादी उघडून पाहिली, दोन पुस्तकांच्या नावातल्या चुका तिथल्या तिथे दाखवल्या. अडीच तास, आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं.

२ फेब्रुवारी, रविवार

एसटीत होते. बाईंनी कळवलं की सभेची तारीख चुकीची पडली आहे. फोनवर टर्मक्स, म्हणजे अँड्रॉइडवरचं टर्मिनल, आहे, त्यात रिपॉझिटरी क्लोन केली, तारीख सुधारली, आरसिंक -ए हाताने टाइप केलं. --सीएचमॉड टाइप करायचं राहिलं. पान आलं, तारीखही बरोबर, पण रंग नाही, चित्रं नाहीत, नुसता मजकूर. चित्रावर सरळ गेले तर ४०३, म्हणजे मनाई.

टर्मक्समध्ये युमास्क ००७७ असतो. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळं ठेवतं, त्या जगात हे बरोबरच आहे. पण त्यामुळे क्लोन केलेल्या फाइली ६०० आणि फोल्डर ७०० झाले. पीएचपी आमच्याच खात्याने चालतं, त्याला वाचता आलं. चित्रं आणि रंगरूपाची सीएसएस वेब सर्व्हर स्वतःच्या खात्याने वाचतो, त्याला दार बंद. तीन आठवड्यांपूर्वी अती मोकळं ठेवून साइट पाडली, आज अती आवळून.

पुन्हा --सीएचमॉडसह चढवलं, वीस मिनिटांत नीट झालं. घरी आल्यावर पूर्ण आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून रिपॉझिटरीत टाकली, नाव चढव. हाताने आरसिंक टाइप करणं बंद.

९ फेब्रुवारी, रविवार

चढव स्क्रिप्टला एक आधीची पायरी जोडली: फाइंड . -पर्म /०२२. गटाला किंवा इतरांना लिहिता येईल अशी एकही फाइल सापडली तर नावं छापायची आणि थांबायचं. --सीएचमॉड असताना याची गरज काय, असं वाटेल. पण --सीएचमॉड चूक झाकून पुढे जातं, आणि ती कुठून आली हे मला कळायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

चढव आज पहिल्यांदा थांबलं. ३८ फाइली, सगळी नवी मुखपृष्ठं, सगळी ७७७.

बाईंनी पेनड्राइव्ह दिला होता. उबंटू चालू असताना तो लावला, त्यामुळे तो आपोआप दिसला नाही आणि मी माउंट -टी ड्रव्हएफएस ई: /एमएनटी/ई असं हाताने जोडला. डब्ल्यूएसएल.कॉन्फमधले ऑप्शन फक्त आपोआप जोडलेल्या ड्राइव्हना लागतात. हाताने जोडलेल्याला मी काहीच दिलं नव्हतं, म्हणून ७७७, आणि मग सीपी -ए या कॉपीच्या आज्ञेने ते जसंच्या तसं उबंटूच्या होममध्ये आणलं. आता हाताने जोडताना -ओ युमास्क=२२,एफमास्क=१११ देते; पेनड्राइव्हवर चालवायचं काही नसतं, त्यामुळे इथे १११ चालतं.

३८ फाइली ६४४ केल्या, चढव पुन्हा दिलं, बारा मिनिटांत संपलं. बाईंना फोन केला. त्यांनी संगणकासमोर बसून एकेक मुखपृष्ठ उघडलं आणि सांगितलं, सगळी दिसतात.